रविवारच्या वर्गात आलेफ-बेत: मराठी घरातल्या लहान मुलांना हिब्रू अक्षरं आणि यहुदी संस्कार कसे द्यावेत

बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबांतली मुलं आठवडाभर शाळेत इंग्रजी आणि मराठी वाचतात, घरी आजी-आजोबांशी मराठी बोलतात आणि रविवारी तास-सव्वा तास सिनेगॉगमध्ये हिब्रू शिकायला बसतात. त्यांना शिकवणारे बहुतेकदा स्वयंसेवक असतात. त्यांच्या हाती परदेशातून आलेली, इंग्रजी मुलांसाठी बनवलेली पुस्तकं पडतात. त्यात 'बेत म्हणजे बी, दालेत म्हणजे डी' अशी जुळणी असते. ही पुस्तकं वाईट नाहीत, पण मराठी मुलाच्या डोक्यात जी बाराखडी तयार आहे तिचा त्यांना पत्ताच नसतो. हिब्रू ही 'व्यंजनाला स्वरचिन्ह जोडा' अशीच लिपी आहे, आणि ही युक्ती आपल्या मुलांना पहिलीतच समजलेली असते. खालची सगळी पद्धत त्यावर बेतलेली आहे. वयोगट ५ ते ८. पिर्के आवोत या जुन्या यहुदी नीतिवचनांच्या संग्रहातही पवित्र ग्रंथ वाचायला सुरुवात करायचं वय पाचच सांगितलं आहे. चार वर्षांचं मूल बसलं तर बसू द्या, पण त्याच्या हाती पेन्सिल देऊ नका. कार्डावरून बोट फिरवणं एवढंच त्याचं काम.

वर्ग रविवारीच का? शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहिणं, कापणं, चिकटवणं आणि पैसे हाताळणं चालत नाही, आणि खालच्या कृतींत हे सगळं येतं. शनिवारीच मुलं जमत असतील तर तयार कार्डं, गोष्ट आणि गाणी एवढ्यावर भागवा.

साहित्य

अक्षरांच्या कार्डांसाठी जाड पुठ्ठा घ्या, प्रत्येक कार्ड १५ × २० सेंटीमीटर. अक्षर ८ ते १० सेंटीमीटर उंच, पॉलिश पेपरमधून कापलेलं. १२० नंबरचा कागद बरा. त्याहून खरखरीत घेतला तर मुलांची बोटं सोलतात, आणि अगदी मऊ घेतला तर स्पर्श कळत नाही. पॉलिश पेपरवर आखणी मागच्या गुळगुळीत बाजूने होते, म्हणून अक्षर उलटं, आरशात दिसतं तसं काढावं लागतं. हे विसरलं की कापून झाल्यावर गिमेल भलतीकडे तोंड करून उभा राहतो आणि कागद वाया जातो. अक्षर आधी पातळ कागदावर सरळ काढा, तो उलटा करून पॉलिश पेपरच्या पाठीवर ठेवा आणि मग गिरवा.

अक्षरांचं वळण निवडताना सजावटीचे फाँट टाळा. दालेतचा कोपरा, बेतची खालची टाच आणि हेमधली फट स्पष्ट दिसेल असंच छापील वळण हवं. इस्राएलमध्ये हाताने लिहायचं वळण वेगळं असतं, पण ते आठ वर्षांनंतर शिकवा. सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) छापील अक्षरांत असतो, तेव्हा आधी तेच.

लिहायला चौकडीची वही घ्या, एका घरात एक अक्षर. वही पाठीमागच्या पुठ्ठ्याकडून उघडायची. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला हिरवा ठिपका लावा, कारण सुरुवात तिथून होते. पहिले काही आठवडे मुलं डावीकडे जातील. त्यांना ओरडू नका, बोट उचलून ठिपक्यावर ठेवा. एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. तोरा, म्हणजे यहुद्यांचा पवित्र ग्रंथ, लिहिणारा लेखनिक अक्षरं वरच्या रेघेला टांगतो. आपणही शिरोरेषेखाली अक्षर लटकवतो, त्यामुळे 'वरच्या रेघेपासून खाली' हे मराठी मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

अक्षरं कणकेची करायची असतील तर २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला. जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग करू नका. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, अक्षरं वाळत नाहीत आणि आठवड्याने त्यांना पाणी सुटतं. दिवाळीनंतर करा आणि पेसाखच्या आधी सगळं फेकून द्या. मैद्याची कणीक म्हणजे हामेत्स (पेसाखच्या सणात ठेवायला मनाई असलेला धान्याचा पदार्थ), मग ती खेळायची का असेना.

बाराखडी कुठे कामी येते, कुठे आड येते

हिब्रूत २२ अक्षरं आहेत. त्यांपैकी पाच (काफ, मेम, नून, पे, त्सादी) शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. लहान-मोठ्या लिपीची भानगड नाही. स्वर अक्षराच्या खाली, वर किंवा बाजूला ठिपक्या-रेघांनी दाखवतात. त्यांना निकूद म्हणतात.

'ब'ला काना दिला की 'बा' आणि बेतखाली कामात्स दिला की 'बा', हे मराठी मुलाला एका वाक्यात पटतं. पण दोन ठिकाणी ते अडखळतं. पहिलं, देवनागरीत नुसतं 'म' लिहिलं तरी त्यात 'अ' असतो. हिब्रूत नुसता मेम म्हणजे पाय मोडलेला 'म्'. चिन्ह नसताना मूल 'म' म्हणून मोकळं होतं आणि पुढे 'शालोम'चा 'शालोमऽ' होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सांगायचं: इथे सगळी अक्षरं पाय मोडकी, चिन्ह आलं की उभी राहतात. दुसरं, आपल्याकडे अक्षराखाली लटकतो तो उकार. हिब्रूत आ, ए, इ हे सगळे खालीच बसतात. खाली काही दिसलं की मूल 'उ' म्हणायला जातं. त्यावर उपाय म्हणजे पहिले दोन महिने फक्त 'आ'ची दोन चिन्हं ठेवायची: पाताख, म्हणजे आडवी रेघ, आणि कामात्स, म्हणजे रेघेला खाली छोटा दांडा. दोन्हींचा उच्चार 'आ'च, त्यामुळे भेद समजावत बसू नका.

नंतरचा क्रम असा. ओ: वाववर ठिपका. इ: खाली एक ठिपका. ए: खाली आडवे दोन ठिपके किंवा तिकोनात तीन. सगळ्यात शेवटी उ. उभे दोन ठिपके म्हणजे शेवा. तो कधी मुका असतो, कधी ओझरता 'ए'. त्याचे नियम आठ वर्षांखालच्या मुलाला सांगण्यात अर्थ नाही. शब्द ऐकवून पाठ करून घ्यावेत. आडवे दोन आणि उभे दोन ठिपके यांत गोंधळ होतोच, तेव्हा ते एकाच महिन्यात शिकवू नका.

उच्चारांत आपण नशीबवान आहोत. त्सादीचा आवाज इंग्रजी मुलांना जमवावा लागतो. आपल्याकडे 'चाक', 'चमचा'मधला च तोच आहे. झायिनसाठी 'जोर'मधला ज धरा आणि थोडा मऊ करा. खेत मात्र शिकवावा लागतो. तो घशातून घासत येतो, उर्दूतल्या नुक्तेवाल्या ख सारखा. आपल्या घरांत तो 'ह'कडे झुकतो; हनुक्का, हझान असं आपण म्हणतोच. मुलाच्या तोंडी घरचा उच्चार असेल तर तो चुकीचा ठरवू नका, वर्गातला शेजारी ठेवा.

सहा जोड्यांत आवाज एकच येतो: तेत आणि ताव, काफ आणि कोफ, सामेख आणि सिन, ठिपका नसलेला बेत आणि वाव, खेत आणि ठिपका नसलेला काफ, आलेफ आणि आयिन तर दोन्ही मुके. वाचताना याचा त्रास नाही, ऐकून लिहिताना आहे. म्हणून लहानांना श्रुतलेखन देऊ नका. आपल्या शाळांना त्याची फार हौस असते, पण इथे मूल बरोबर ऐकूनही चुकतं आणि का चुकलं हे त्याला कळत नाही.

अक्षरांचा क्रम

आलेफपासून तावपर्यंत क्रमाने जाऊ नये. आलेफ-बेत गाण्यातून पाठ करून घ्या, पण वाचायला अशी अक्षरं आधी द्या ज्यांतून तिसऱ्या आठवड्याला खरा शब्द तयार होतो. शिवाय क्रमाने गेलं की सारखी दिसणारी अक्षरं जवळजवळ येतात. हे-खेत, वाव-झायिन आणि मेम-नून-सामेख यांचा गुंता तिथेच होतो.

शाळांबरोबर जूनमध्ये सुरू करून सण, दिवाळीची सुटी आणि परीक्षा वजा केल्या तर साधारण ३० रविवार हाती लागतात. एका रविवारी एक अक्षर, आणि दर तिसऱ्या-चौथ्या रविवारी नवीन काही नाही, फक्त उजळणी.

जून-जुलै: शिन, बेत, ताव. शिनपासून सुरुवात करायला कारण आहे. मुलाच्या घराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे तोरातल्या ओळी ठेवलेली छोटी डबी, असते आणि तिच्यावर बहुधा शिन असतो. पहिल्या रविवारी घरी जाऊन तो शोधायला सांगा. पहिले शब्द: बात, म्हणजे मुलगी, आणि शब्बात.

ऑगस्ट ते नव्याच्या सणापर्यंत (यहुदी नवं वर्ष): लामेद, मेम आणि वाव, म्हणजे 'शालोम' झाला, शेवटचा बंद चौकोनी मेम इथेच दाखवा. मग आलेफ: अब्बा, इम्मा. मग रेश आणि हे: तोरा. सणांच्या गर्दीत नवीन अक्षर घेऊ नका.

दिवाळीनंतर हनुक्का या दिव्यांच्या सणापर्यंत: योद, नून, आणि दोन आठवडे सोडून गिमेल. दोघांची ठेवण सारखी. गिमेलला खाली पुढे टाकलेला पाय असतो. नून आणि रेशवरून 'नेर', म्हणजे दिवा. हनुक्काच्या भोवऱ्यावर नून, गिमेल, हे, शिन ही चार अक्षरं असतात, तोवर ती सगळी झालेली असतात. इस्राएलच्या भोवऱ्यावर शिनऐवजी पे असतो. ही अक्षरं म्हणजे एका हिब्रू वाक्याची आद्याक्षरं, आणि 'मोठा चमत्कार तिथे घडला'च्या जागी इस्राएलमध्ये 'इथे घडला' म्हणतात म्हणून. मुलांना हा फरक फार आवडतो.

जानेवारी-फेब्रुवारी: तेत, आयिन, त्सादी. इथे थोडं थांबायला हवं. तू बिश्वात हा झाडांचा सण, म्हणजे शेवात महिन्याची १५ तारीख. अक्षरांना संख्यांची किंमत असते: तेत ९, वाव ६, मिळून १५, आणि त्याचाच उच्चार 'तू'. योद १० आणि हे ५ असं लिहीत नाहीत, कारण त्यातून देवाच्या नावाची अक्षरं जुळतात. कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी हाच एलियाहू हनावीच्या (प्रेषित एलियाच्या) उरुसाचा दिवस, अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचा आणि मलिदा करायचा. आयिन आणि शेवटचा त्सादी जोडला की 'एत्स', म्हणजे झाड. त्या रविवारी वर्गात मलिदा करा: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि शेजारी ताटात फळं. दहा मुलांना पाव किलो पोहे पुरतात. पोहे धुऊन निथळत ठेवा, पाण्यात बुडवून ठेवले तर त्यांचा लगदा होतो.

फेब्रुवारी ते पेसाख: पे (पुरिम), सामेख, खेत (पेसाख), दालेत (सेदेर, पेसाखच्या रात्रीचं विधीचं जेवण), काफ ('कोस', म्हणजे पेला), कोफ (किद्दुश), झायिन. सेदेरच्या ताटाभोवतीच हे शब्द सापडतात. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात (सेदेरला वाचायच्या पुस्तकात) मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगड्यात दाखवल्या आहेत. ते चित्र या दिवसांत भिंतीवर लावा.

या क्रमात बेत जूनमध्ये आणि काफ मार्चमध्ये येतो, रेश नव्याच्या सणाआधी आणि दालेत मार्चमध्ये, 'हे' नव्याच्या सणाआधी आणि खेत पुरिमनंतर. जुळ्या अक्षरांत एवढं अंतर मुद्दाम ठेवलं आहे. पहिलं अक्षर पक्कं झालं की दुसऱ्यातला फरक उठून दिसतो. दोन्ही एकत्र शिकवून 'बघा, किती सारखी!' असं म्हणणं म्हणजे गोंधळ शिकवणंच. दालेत आला की मात्र एक गोष्ट सांगाच. तोराच्या गुंडाळीत शेमाच्या (यहुद्यांच्या मुख्य प्रार्थनेच्या) पहिल्या ओळीत शेवटचा दालेत मोठा लिहिलेला असतो. त्याचा रेश झाला तर 'एहाद' (एक) चा 'अहेर' (दुसरा) होतो, आणि देव एकच आहे म्हणणारं वाक्य उलटतं. दालेतचा कोपरा टोकदार का हवा, हे यानंतर कुणाला परत सांगावं लागत नाही.

एक अक्षर, पंचवीस मिनिटं

कार्ड दाखवा, अक्षराचं नाव आणि आवाज दोन्ही सांगा. प्रत्येक मूल पॉलिश पेपरवरून बोट फिरवतं, उजवीकडून आणि वरून, तोंडाने आवाज काढत. मग मिसळलेल्या १५ छोट्या कार्डांतून ते अक्षर वेचायचं. त्यानंतर सिद्दूर उघडून शेमाच्या पहिल्या ओळीत शोधायचं. शिनच्या दिवशी तिथे दोन सापडतात. एकाचा ठिपका उजवीकडे, एकाचा डावीकडे, म्हणजे दुसरा सिन. आलेफ तीन. शोधताना बोट चालेल, पेन्सिल नाही. शेवटी वहीत फक्त पाच घरं लिहायची. पानभर लिहायला लावलं की सातव्या अक्षरापासून वळण बिघडतं आणि बिघडलेलंच हातात बसतं.

हिब्रूच्या खाली देवनागरी लिहून देऊ नका. मदत म्हणून केलेली ही गोष्ट सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण मूल देवनागरी वाचतं आणि वर्षभर ते हिब्रू वाचतंय असं वाटत राहतं. देवनागरी उच्चार पालकांच्या कागदावर असू द्या.

मुलाच्या नावाची अक्षरं झाली की त्याला नाव लिहून द्या. दानियेलला दालेतसाठी मार्चपर्यंत थांबवू नका. नावाची पट्टी दारावर लावायला लवकर द्या, वाचन आपल्या क्रमाने होऊ दे.

संस्कार: सांगू नका, करायला द्या

२२ अक्षरांना २२ सद्गुण जोडणारे तक्ते मिळतात. दिसायला छान असतात, पण एका रविवारी एक सद्गुण उरकला की मुलाजवळ काही उरत नाही. चार-पाच गोष्टी निवडाव्यात आणि त्या वर्षभर प्रत्यक्ष कराव्यात.

त्सेदाका, म्हणजे दान. वर्ग सुरू होताना डब्यात नाणं टाकायचं. एक मूल पाचशेची नोट आणतं आणि दुसरं काहीच आणत नाही, हे होणारच. म्हणून नाणी वर्गानेच एका वाटीत ठेवावीत आणि प्रत्येकाने तिथून एक घेऊन टाकावं. घरून द्यायचं ते पालकांनी परस्पर डब्यात टाकावं, नावाशिवाय. कुणी किती दिलं याचा तक्ता भिंतीवर कधीच नको. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव माहीत नसणं ही रामबामने (मध्ययुगीन यहुदी पंडित मायमोनिडीसने) दानाची फार वरची पायरी मानली आहे. तीन महिन्यांनी डबा उघडा. मुलांना मोजू द्या, १८-१८ चे गट करून. खेत ८ आणि योद १०, मिळून 'हाय', म्हणजे जिवंत. पैसे कुठे द्यायचे हे दोन पर्याय ठेवून त्यांनाच ठरवू द्या. दोनच. जास्त दिले की अर्धा तास भांडणात जातो.

हरवलेली वस्तू परत देणे. वर्गात एक खोका ठेवा. सापडलेली वस्तू त्यात जाते आणि सापडवणारा जाहीर करतो: 'पाण्याची बाटली सापडली.' रंग सांगायचा नाही! खूण मालकाने सांगायची: निळी, झाकणाला तडा, खाली स्टिकर अर्धा फाटलेला. खूण पटली तरच द्यायची. मिश्ना या जुन्या यहुदी कायदेसंग्रहातल्या बावा मेत्सिया भागात हाच विषय आहे, आणि सात वर्षांची मुलं त्यावर वकिलासारखी बोलतात. मग कोरी नवी पेन्सिल सापडली तर? तिला खूणच नाही. आणि टोकाला दात लागलेले असतील तर? वाद घालू द्या, लगेच निकाल देऊ नका.

बेराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायची छोटी प्रार्थना. खाण्याच्या वेळी शिकवावी, फळ्यावर नाही. केळं आणि चिकू आणा: चिकू झाडाचं फळ, म्हणून 'बोरे पेरी हाएत्स', केळीला खरं खोड नाही, म्हणून केळ्यावर 'बोरे पेरी हा-अदामा'. पपई आणू नका, तिच्यावर मोठ्यांचंच एकमत नाही. सराव करताना देवाच्या नावाऐवजी 'हाशेम' म्हणायचं. घास हातात घेतला की पूर्ण म्हणायचं. खाऊ कोशेर (यहुदी आहारनियमांत बसणारा) हवा, जिलेटिनच्या गोळ्या नकोत. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवा.

प्राण्यांवर दया म्हणजे आपल्याआधी त्यांना खायला देणं. सिनेगॉगच्या आवारात मांजर असेल तर खाऊच्या आधी तिची वाटी भरायची, एवढं पुरे. आजाऱ्याची विचारपूस अक्षरांशी छान जुळते: पे झाल्यावर 'रेफुआ शेलेमा' (पूर्ण बरे व्हा) हे दोन शब्द लिहिता येतात, आणि समाजातल्या एखाद्या आजारी आजींना वर्गाने कार्ड पाठवायचं. चहाडीबद्दल उशीतली पिसं उडवण्याची गोष्ट सगळीकडे सांगतात. पाच वर्षांच्या मुलाला त्यातून फक्त पिसं उडवायची मजा कळते, ती दहाव्या वर्षासाठी राखून ठेवा.

कागदांचं काय करायचं

देवाचं पूर्ण नाव असलेला कागद कचऱ्यात जात नाही. म्हणून शेमाची किंवा बेराखांची झेरॉक्स वाटू नका. छापायचंच असेल तर नावाच्या जागी 'हे' हे अक्षर आणि वर एक छोटी तिरकी रेघ. तरीही चुकून छापलेल्या कागदांसाठी वर्गात गेनिझाचा (टाकून न देता जपायच्या पवित्र कागदांचा) खोका ठेवा आणि भरला की सिनेगॉगकडे द्या. सिद्दूर खाली पडला की उचलून त्याचं चुंबन घ्यायचं, हे मुलांना एकदा करून दाखवलं की ती आपल्यालाच आठवण करून देतात.

एप्रिलमध्ये काय यायला हवं

सहा वर्षांच्या मुलाला १८-२० अक्षरं न चुकता आणि दोन अक्षरी शब्द सावकाश वाचता यावेत. 'नोआख' अडलं तर अडू द्या. शेवटच्या खेतखालचा पाताख आधी वाचायचा असतो, ते पुढच्या वर्षी. तपासताना वहीतलं पान देऊ नका, ते पाठ असतं. वर्गात कधी न वाचलेले तुकडे द्या: 'मार', 'लाश', 'तोब'. मूल अक्षर ओळखतंय की शब्द आठवतोय, हे त्यातून लगेच कळतं.

मागे पडलेल्या मुलाला सगळी उजळणी देऊ नका. तीनच अक्षरं कच्ची असतात, बहुधा जुळ्यांपैकीच. ती शोधा, त्यांचीच कार्डं सुटीत घरी द्या आणि पालकांना सांगा: रोज पाच मिनिटं, शुक्रवारी दिवे लावायच्या आधी, शब्बाथला सुटी.